चिखलणीआधी गिअरचं तेल बघा



मृग लागला. इंद्रायणीचं रोप बोटभर वर आलंय, बांधबंदिस्ती निम्मी झालीय. आज सकाळी पाऊस नव्हता म्हणून ट्रॅक्टर सपाट जागेवर लावला आणि खाली सतरंजी टाकून तासभर त्याच्या पोटाखाली पडून होतो. मागच्या वर्षी हा तासभर काढला नाही, म्हणून काय झालं ते आज लिहितो. थोडी लाज वाटते, पण कुणाचा तरी हंगाम वाचेल.

मागच्या जूनमध्ये आण्णा दोनदा म्हणाले होते, "अरे, गिअरचं तेल बघितलंस का?" मी म्हटलं, "आण्णा, तेल बदलून अजून हजार तास झाले नाहीत." पुस्तकात हजार तास लिहिलंय, मीटरवर साडेसहाशे. माझा हिशोब बरोबर होता, पण तेलात काय शिरलंय ते मीटर सांगत नाही.

जुलैत केजव्हील लावून चिखलणी सुरू केली. आमची खाचरं झाली, मग भाड्याची. चौथ्या दिवशी लिफ्ट झटके देत वर यायला लागली. मला वाटलं, पंप गेला असेल, हंगाम संपल्यावर बघू. मग दुसरा गिअर टाकताना कर्र आवाज यायला लागला. मी क्लचला दोष दिला, पेडलचं फ्री प्ले नीट करून घेतलं आणि पुन्हा चिखलात उतरलो. आठ तारखेला दुपारी रोटाव्हेटर चालू असताना आतून खट्ट आवाज आला आणि ट्रॅक्टर जागेवर थांबला. गिअर निघेना, पडेना.

मिस्त्री आले. त्यांनी काही खोललं नाही, नुसती डिपस्टिक काढून माझ्यासमोर धरली. "हे काय आहे सांगा?"

चहा. दूध जास्त झालेला चहा दिसतो ना, अगदी तसं तेल.

आमच्या ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्स, मागचा एक्सल आणि लिफ्ट या सगळ्यांना एकच तेल आहे, चाळीस लिटरच्या आसपास. बऱ्याच ट्रॅक्टरना असंच असतं. त्यामुळे पाणी एका ठिकाणी शिरलं तरी दुखणं सगळीकडे जातं. लिफ्टचे झटके ही पहिली हाक होती. मी ती पंपावर ढकलली.

पाणी शिरलं कुठून? दोन जागा सापडल्या. गिअर लिव्हरच्या बुडाशी असलेलं रबर फाटलं होतं. मे महिन्यात वॉशिंगला नेला, तिथे जोरात पाणी मारलं, ते त्या फटीतून थेट आत. दुसरं, मागच्या एका एक्सलचं ऑइल सील कडक झालेलं. चिखलात चाक अर्धं बुडतं, तिथून गाळाचं पाणी. पाणी मिसळलेलं तेल दातांवर टिकत नाही, लोखंडाला लोखंड घासतं. ट्रॅक्टर उभा राहिला की आत गंज धरतो. मिस्त्रींनी ट्रॅक्टर मधोमध सोडवला तेव्हा एका बेअरिंगच्या गोळ्यांवर खड्डे पडलेले होते आणि दुसऱ्या गिअरचे तीन दात तुटलेले. ड्रेन नटच्या चुंबकाला बारीक काळी भुकटी असतेच, ती चालते. आमच्या नटला नखाएवढे तुकडे चिकटले होते.

बिल 43 हजार. गिअर लिव्हरचं रबर दीडशे रुपयाला मिळतं.

पण पैशाचं दुःख नाही मंडळी. पैसे भाताने नाही तर दुधाने फिटतात. वरच्या आळीतल्या काकूंना मी शब्द दिला होता, "नऊ तारखेला तुमचं खाचर करतो." घरात त्या एकट्या, अर्धा एकर भात. रोप चोवीस दिवसांचं, लावायला अगदी जोगतं. ट्रॅक्टर तेरा दिवस बंद राहिला. गावातल्या बाकीच्या ट्रॅक्टरना स्वतःचीच कामं उरकत नव्हती. मी त्यांच्याकडे गेलो, म्हटलं, "काकू, गिअर गेलाय." त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "रोप काय थांबतंय का बाबा तुझ्या गिअरसाठी?"

शेवटी पलीकडच्या वाडीतली बैलजोडी अकराव्या दिवशी मिळाली. रोप तेव्हा पस्तीस दिवसांचं झालं होतं. जून रोपाला फुटवे कमी येतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. दरवर्षी चौदा पोती होणाऱ्या खाचरात दहा झाली. सगळा दोष रोपाच्या वयाचा नसेल, पाऊसही मधे उघडला होता. पण त्या चार पोत्यांकडे बघताना मला पावसाचं नाव घेता येत नाही.

आता मी काय करतो ते लिहितो. तुमच्या ट्रॅक्टरचं पुस्तक बघून तुम्ही तुमचं ठरवा.

चिखलणीआधी आणि चिखलणी चालू असताना दर दोन-तीन दिवसांनी डिपस्टिक बघतो. सकाळी, चालू करायच्या आधी. तेल दुधाळ दिसलं की काम बंद.

रात्रभर उभ्या ट्रॅक्टरचा ड्रेन नट सकाळी थोडा सैल करतो. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाला बसतं आणि आधी तेच येतं. पाणी दिसलं तर हाक लवकर कळली म्हणायची. पण तेल एकदा दुधाळ झालं की पाणी असं वेगळं होत नाही, ते सगळं बदलावंच लागतं.

लिव्हरचं रबर, डिपस्टिकचं झाकण, एक्सलची सीलं हाताने चाचपतो. धुताना लिव्हरच्या बुडाशी आणि सीलांवर पाण्याचा फवारा मारू देत नाही.

तेल पुस्तकातल्या ग्रेडचंच. आमचे ब्रेकही त्याच तेलात आहेत, त्यामुळे इंजिनचं उरलेलं तेल ओतायचा मोह टाळतो.

आणि क्लचवर पाय ठेवून चालवत नाही. ही सवय मोडायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

आज तेल स्वच्छ निघालं, मधासारखं. आण्णा ओसरीवरून बघत होते, बोलले काहीच नाहीत. यंदा पहिली चिखलणी काकूंच्या खाचरात. भाडं घेणार नाही म्हटलं तर त्या म्हणाल्या, "भाडं घे, पण वेळेवर ये."

तुम्हीही उद्या सकाळी डिपस्टिक काढून बघा. पाच मिनिटं लागतात.