चुकलेल्या उत्तराची वाट

वर्गातील फळ्यावर गणित एकच लिहिलेले असते. परंतु समोर चाळीस मुले बसली असतील, तर ते चाळीस मनांत चाळीस वाटांनी शिरते. त्यांपैकी काही वाटा सरळ उत्तरापाशी पोचतात, काही वळसा घेऊन पोचतात, आणि काही भलत्याच गावी जातात. तपासणाऱ्याच्या हाती येते ते मात्र केवळ शेवटचे उत्तर. त्यावर बरोबरची खूण किंवा फुली करणे हे एका क्षणाचे काम आहे. मूल त्या उत्तरापर्यंत कोणत्या वाटेने आले हे ओळखणे, ही शिक्षकाची खरी विद्या होय.

दुसरीच्या वर्गात गुरुजींनी ‘पस्तीस’ असे सांगितले, की एखादी मुलगी पाटीवर ५३ लिहिते. घाईने पाहणाऱ्याला तो निष्काळजीपणा वाटतो. वास्तविक तिने नीट कान देऊनच ऐकलेले असते. ‘पस्तीस’ या शब्दात पाच आधी येतो आणि तीस मागून; म्हणून तिने पाच आधी लिहिला, तीन मागून. लिहिण्याचा क्रम नेमका याच्या उलट आहे: आधी दशक, नंतर एकक. बोलण्याची रीत एक आणि लिहिण्याची दुसरी, हे तिला कोणी उकलून सांगितलेले नसते. ‘एकोणतीस’ची गोष्ट तर याहून अवघड. एकतीस, बत्तीस, अडतीस या सर्वांच्या शेवटी तीस ऐकू येतो आणि त्या सर्व संख्या तिसाच्या पुढच्या आहेत. मग एकोणतीस तेवढी तिसाच्या मागे कशी? म्हणून मूल विश्वासाने ३९ लिहिते. ‘एकोण’ म्हणजे ‘एकाने उणे’, हे समजताच कोडे सुटते. पण ते समजावून देण्यासाठी मुलाला कोडे पडले आहे, हे आधी मोठ्या माणसाला कळावे लागते. इ. स. २०१९ मध्ये महाराष्ट्रात दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबरच ‘वीस एक’ असेही संख्यावाचन दिले गेले, तेव्हा त्यावर मोठा वाद झाला. संख्यांची जुनी नावे भाषेचे लेणे आहेत, असे एक पक्ष म्हणे. लहान मुलाची अडचणही खरी आहे, असे दुसरा म्हणे. त्या वादाच्या निमित्ताने अनेक मोठ्या माणसांनी आपल्याच भाषेतील संख्यांकडे प्रथमच मुलाच्या नजरेने पाहिले.

मुलाची चूक पुष्कळदा नियमाला धरून असते. एखाद्या मुलाने काल ५८ मधून १२ वजा करून ४६ हे उत्तर काढले. त्याला बरोबरची खूण मिळाली. आज त्याने ५२ मधून १८ वजा केले आणि पुन्हा ४६ हेच उत्तर लिहिले. आज फुली मिळाली. मूल गोंधळून जाते, कारण त्याच्या मते दोन्ही दिवशी त्याने एकच गोष्ट केली आहे, आणि ते खरेही आहे! मोठ्या अंकातून लहान अंक वजा करावा, एवढाच नियम त्याने मनाशी धरला आहे. काल तो चालून गेला. आज एककाच्या घरात वर २ आणि खाली ८ आल्यावर त्याने तोच नियम लावला: आठातून दोन गेले, सहा उरले, पाचातून एक गेला, चार उरले. म्हणजे चूक आज झाली नाही. ती कालही मनात होती, बरोबर उत्तराच्या आड दडून बसली होती.

अशा वेळी जाणता शिक्षक तेच गणित दहादा लिहायला लावीत नाही. चुकीची वाट दहा वेळा चालल्याने ती अधिकच मळते. तो काड्या पुढे ठेवतो: दहा-दहांच्या पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या. “यांतून अठरा काड्या मला दे,” असे तो म्हणतो. मूल एक जुडी उचलून देते, दोन सुट्या देते आणि थबकते. आणखी सहा हव्यात. सुटी तर एकही उरली नाही. ते गुरुजींकडे पाहते. गुरुजी काही बोलत नाहीत. मग त्याचा हात दुसऱ्या जुडीच्या दोऱ्याकडे जातो. जुडी सुटते, दहांतून सहा काड्या जातात, चार उरतात. आणि तीन जुड्या तशाच शाबूत असतात. उत्तर ३४! ‘दशक सोडवून घेणे’ हे शब्द त्याने पूर्वी अनेकदा ऐकले होते. पण त्यांचा अर्थ त्याला आता बोटांना कळला.

चुकीच्या उत्तरांचे हे मोल ओळखणारा एक मोठा अभ्यासक स्वित्झर्लंडमध्ये होऊन गेला. जाँ पियाजे (१८९६–१९८०) हे त्याचे नाव. तरुणपणी पॅरिस येथे त्याच्याकडे मुलांच्या बुद्धिमापन चाचण्यांचे काम आले होते. किती उत्तरे बरोबर आली हे मोजण्यापेक्षा, मुले चुकतात ती कशामुळे, याचेच त्याला अधिक कुतूहल वाटू लागले. पुढे त्याने मुलांपुढे वस्तूंच्या दोन सारख्या ओळी मांडल्या. दोन्हींत वस्तू तितक्याच, हे मूल मान्य करी. मग एक ओळ नुसती लांबवली, की चार-पाच वर्षांचे मूल म्हणे, “हीत जास्त आहेत.” मोजणे येणे आणि संख्येचा अर्थ कळणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, हे त्यातून दिसून आले.

परंतु मुलांचे मन याहूनही खोल निघाले. इ. स. १९७० नंतर जेम्स मॅकगॅरिगल व मार्गारेट डोनाल्डसन यांनी तोच प्रयोग थोडा बदलून केला. ओळ मोठ्या माणसाने न लांबवता एका खट्याळ खेळण्यातल्या अस्वलाने विसकटली, असे दाखविले. तेव्हा पुष्कळ अधिक मुलांनी “दोन्हींत सारख्याच” असे बरोबर सांगितले. मोठी माणसे मुद्दाम काही बदलतात आणि तोच प्रश्न पुन्हा विचारतात, तेव्हा त्यांना उत्तरही बदललेले हवे असणार, असा तर्क काही मुले करीत असावीत. म्हणजे कित्येकदा मूल वस्तूंचा नव्हे, तर प्रश्न विचारणाऱ्याच्या मनाचा अंदाज घेत असते!

दूर ब्राझील देशातील रेसिफे शहरातली एक हकीकत अशीच विचार करायला लावणारी आहे. तेथे बाजारात माल विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास तीन संशोधकांनी इ. स. १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतले बारा वर्षांचे एक मूल नारळ विकत होते. एका नारळाची किंमत ३५ क्रुझेरो होती. चार नारळांचे किती, असे गिऱ्हाईक म्हणून विचारताच त्याने तीन नारळांचे १०५ धरले, त्यांत ३० मिळवून १३५ केले, आणि राहिलेले पाच घालून १४० सांगितले. पुढे त्याच मुलाला कागदावर ३५ गुणिले ४ हे गणित दिले. चार पाचे वीस, हातचे दोन. मग ते दोन आधीच तिनात मिळवून त्याने पाच केले, त्यांची चारपट वीस केली, आणि उत्तर लिहिले २००! बाजारात त्या मुलांची शंभरांपैकी अठ्ठ्याण्णव उत्तरे बरोबर येत. कागदावरच्या नुसत्या आकडेमोडीत शंभरांपैकी सदतीससुद्धा पुरती येत नसत. मुलांची बुद्धी तीच होती. बाजारात ती नारळांच्या पैशांचा विचार करीत. कागदावर अर्थ न कळलेली रीत गिरवीत.

महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे मर्म फार पूर्वी जाणले होते. आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे इ. स. १९४५ मध्ये त्यांचे बालशिक्षणाचे काम सुरू झाले आणि इ. स. १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. गरीब वस्तीतली मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, असे त्यांनी ठरविले. महागडी साधने परवडणारी नव्हती. म्हणून खडे, शिंपले, पाने, फुले हीच शिक्षणाची साधने झाली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळा कुरणातच भरली. मूल जेथे आहे तेथे जाणे, हे त्यांच्या कार्याचे सूत्र होते. गणित शिकविणाऱ्यालाही हेच सूत्र लागू पडते. फरक एवढाच, की येथे जायचे असते ते मुलाच्या अंगणात नव्हे, तर त्याच्या मनात.

तेथे जाण्याचे साधन अगदी साधे आहे: “कसे काढलेस?” हा प्रश्न. तो दरडावून विचारला, तर मूल पाटी पुसून टाकते. प्रेमाने विचारला, तर बोलू लागते. उत्तर बरोबर असतानाही तो विचारावा, नाहीतर त्या प्रश्नालाच मुले चूक झाल्याची खूण समजतात. आणि विचारल्यावर थांबावे. कारण विचार जुळून शब्द सापडायला वेळ लागतो.

जेथे हा प्रश्न कोणी विचारीत नाही, तेथे फुल्या साठत जातात. काही दिवसांनी फुली पाटीवर राहत नाही. ती मुलाच्या मनावर उमटते. “मला गणित येत नाही,” असे ते स्वतःच म्हणू लागते, आणि मग येत असलेलेही विसरते. मठ्ठ ठरविलेल्या कितीतरी मुलांच्या डोक्यात विचार चाललेलाच असतो. तो ऐकणारे कोणी भेटत नाही, एवढेच. असे ऐकणे हे केवळ शिक्षकाचेच काम नव्हे. घरातले धाकटे भावंड पाटीवर ५३ लिहून अभिमानाने ‘पस्तीस’ म्हणते, तेव्हा जवळ बसलेल्या मोठ्या भावंडाला हसूही येऊ शकते आणि कुतूहलही वाटू शकते. हसले, तर पाटी तेथेच मिटते. कुतूहल वाटले, तर तो एवढेच विचारतो, “तू पाच आधी का लिहिलास?” आणि धाकटे सांगू लागते.