आणखी एक दाखला

आपल्या भाषेत रक्ताला केवढा मान! नाती रक्ताची, कष्ट केले तर रक्ताचे पाणी होते, आणि घरातला मुलगा गाऊ लागला की गाणे त्याच्या रक्तातच असते. पण त्या रक्तात खरोखर काय आहे, हे विचारायला सहसा कुणी जात नाही.

आमच्या घरावर ती वेळ ताईच्या मुलामुळे आली. चार वर्षांचे पोर हातपाय दुखतात म्हणून रात्र रात्र रडे. तपासणीत सिकलसेल निघाला. ताई आणि भाऊजी दोघेही वाहक होते, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता. "पाठच्या बहिणीचंही रक्त तपासून घ्या," डॉक्टर म्हणाले. पाठची बहीण म्हणजे मी!

रुग्णालयात फोन करून मी मंगळवारचा नंबर लावला. "उपाशीपोटी यायचं का?" असे विचारले, तर पलीकडच्या बाई म्हणाल्या, "नाही, या तपासणीला खाऊन आलात तरी चालतं." चालत असेल, पण त्या सकाळी आईने केलेले पोहे माझ्या घशाखाली उतरले नाहीत.

तासभर बाकावर बसल्यावर नाव पुकारले गेले. दंडाला रबरी पट्टा, "मूठ आवळा", एक टोचणी, आणि जांभळ्या टोपणाच्या नळीत अर्धा चमचा रक्त. ते गोठू नये म्हणून नळीत आधीच औषध असते. बाईंनी नळी हलकेच उलटीपालटी केली, वर माझे नाव चिकटवले आणि माझ्या हाती कापसाचा बोळा दिला. एवढ्यासाठी मी आदली रात्र जागून काढली होती!

अहवालाची वाट पाहताना मी वाचत होते. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ दुवे असतात. त्यांतला सहावा बदलला की, प्राणवायू कमी पडताच तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. एका मात्रेने शब्दाचा अर्थ फिरावा, तसे हे! १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी अशा पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. आमच्या पूर्व विदर्भात हा आजार पुष्कळ आढळतो, तरी घरात त्याचे नाव हळू आवाजातच घेतात.

अहवाल आला. मीही वाहक!

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "कुणाला सांगू नकोस गं. स्थळं परत फिरतील."

तिचे भय मला कळते. पण वाहक म्हणजे रोगी नव्हे. जोडीदाराचे हिमोग्लोबिन निर्दोष असेल, तर अपत्याला हा आजार होत नाही. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याच्या बाबतीत चारात एक एवढी शक्यता असते. ताईच्या लग्नात पत्रिका दोनदा पाहिली होती. हा हिशेब मात्र कुणीच मांडला नव्हता.

मित्रांनो, प्रवेशाच्या वेळी आपण जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा असे किती दाखले गोळा करतो! लग्नाआधी हा आणखी एक दाखला काढायला काय हरकत आहे? २०२३ साली सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. पण नंबर तर आपला आपणच लावायचा असतो.

आईचे ऐकले असते, तर हा लेख लिहिलाच नसता. अंक घरी गेला की ती रागावेल. रागावू दे. परत फिरणारे स्थळ आधीच परत फिरलेले बरे.