अनसूया

घरातील जुन्या कागदपत्रांत आजीचे नाव आपण कधी निरखून पाहिले आहे का? माझ्या आजीचे नाव सातबाऱ्यावर ‘अनसाबाई’, शिधापत्रिकेवर ‘अनुसया’ आणि बँकेच्या पुस्तकात ‘अनुसूया’ असे होते. तिच्या पश्चात वारसनोंदीच्या वेळी या तिघी म्हणजे एकच बाई, असे प्रतिज्ञापत्र आम्हांला करून द्यावे लागले.

मूळ शब्द ‘अनसूया’. मत्सराला दुसऱ्याचे चांगले पाहवत नाही. असूया त्याहून निराळी, ती त्या चांगल्यातही दोष काढते. संस्कृतात नकारवाचक ‘अ’ स्वरापूर्वी आला की त्याचा ‘अन्’ होतो. अन् + असूया : ‘जिच्या ठायी असूया नाही ती’, असा हा नञ् बहुव्रीही. लोकांच्या कानांनी मात्र त्यात ‘अनु’ हा ओळखीचा उपसर्ग ऐकला. (तो खरोखरच असता, तर संधिनियमाने ‘अन्वसूया’ झाले असते!)

अत्री ऋषींची पत्नी आणि दत्तात्रेयांची माता म्हणून हे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले. माहूरच्या एका शिखरावर तिचे मंदिर आहे. कालिदासाने शकुंतलेच्या एका सखीला हेच नाव दिले. पण मला अधिक जवळची वाटते ती वाल्मीकिरामायणातील वृद्ध अनसूया. वनवासात आश्रमी आलेल्या तरुण सीतेला ती आपण होऊन वस्त्रे आणि अलंकार देते. नावाचा अर्थ तिथे कृतीतून दिसतो.

बी. ए.च्या पहिल्या वर्षी ही व्युत्पत्ती हाती लागताच मी मोठ्या ऐटीत आजीला तिचे नाव दुरुस्त करून सांगितले. ती शेंगा फोडत बसली होती. अर्थ ऐकून हसली.

“थोरल्या जाऊबाईंच्या पाटल्यांकडं बघत सारा जन्म काढला मी. आणि नाव बघ काय ठेवलंय!”

काही वेळ नुसता शेंगा फुटल्याचा आवाज येत राहिला. मग खाली पाहूनच ती म्हणाली, “त्या गेल्या तेव्हा पाटल्या मीच उतरवल्या त्यांच्या हातातल्या. फडक्यात बांधून त्यांच्या लेकीच्या हवाली केल्या.”

प्रतिज्ञापत्र करताना लेखनिकाने विचारले, “मुख्य नाव कोणते लिहू?” व्याकरणातले शुद्ध रूप ओठांवर आले होते. मी ‘अनुसया’ लिहायला सांगितले. ती स्वतःचे नाव तसेच सांगत असे.