थांबते कशी?

गाडी घेताना माणूस ती पळते कशी एवढंच बघतो. थांबते कशी, हे जावयाच्या स्वभावासारखं फार उशिरा कळतं. माझ्याकडे जुनी प्रीमियर पद्मिनी आहे हे समजलं, की धाराशिवातला कोणीही सद्गृहस्थ पहिला प्रश्न विचारतो, "ॲव्हरेज काय देते?" दुसरा प्रश्न, "विकायची आहे का?" तिसरा, "मग ठेवलीय कशाला?" ती थांबते का, हे आजवर एकानंही विचारलेलं नाही. सरकारचंही तसंच. नोंदणीच्या पुस्तकात गाडीचा रंग आहे, इंजिनाचा नंबर आहे, माणसं किती बसणार तेही आहे. ब्रेकचा रकाना नाही.

पद्मिनी मूळची इटलीची. फियाट 1100 या नावाची ही मुलगी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात नांदायला आली आणि 1974 साली सासरी तिचं नाव पद्मिनी ठेवलं. 2023च्या ऑक्टोबरात मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीनं रस्त्याचा निरोप घेतला. त्याच वर्षी आमच्या उस्मानाबाद जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं. आमची पद्मिनी मात्र दोन्ही बातम्या ऐकून होती तिथंच, शेवग्याच्या झाडाखाली, उभी. 1089 सी.सी.चं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, पुढं तिघं दाटीवाटीनं बसतील असं सलग बाक आणि चारी चाकांना ड्रम ब्रेक.

माझा भाचा अमेरिकेत असतो. त्याला तिकडच्या 'मसल कार'चं वेड. मसल कार म्हणजे पहिलवान गाडी. 1964 साली निघालेल्या पाँटियॅक जीटीओचं इंजिन 6.4 लिटरचं, ताकद 325 घोड्यांची. आणि एवढ्या घोड्यांना आवरायला चारी चाकांना ड्रम ब्रेक! छाती पहिलवानाची आणि लगाम सुतळीचा. म्हणून तिकडचे हौशी लोक पुढच्या चाकांना आधी डिस्क ब्रेक बसवतात. त्यासाठी एक खोकं मिळतं, त्यात नटबोल्टपासून सूचनांच्या पुस्तिकेपर्यंत सगळं असतं. भाचा फोनवर म्हणाला, "मामा, तुमची गाडी आणि ही, दोघी एकाच शाळेतल्या." मला बरं वाटलं. पण आमच्या गाडीला पहिलवान म्हणायची सोय नाही. तिच्यात काही स्नायू असलेच, तर ते माझ्या उजव्या पोटरीत आहेत.

ड्रम ब्रेक म्हणजे काय? चाकाच्या आत एक बिडाचा डबा असतो, तो चाकाबरोबर फिरतो. आपण पाय दाबला, की डब्यातली दोन लायनर फाकतात आणि डब्याला आतून घासतात. सपाटीवर हे ठीक चालतं. पण लांब उतारावर पाय ब्रेकवरच राहिला, की डबा तापून फुगतो, लायनरपासून लांब सरकतो, लायनरही तापून पकड सोडतं आणि आपला पाय नुसता खाली खाली जातो. पावसात डब्यात पाणी शिरलं, तर एक चाक ब्रेक धरतं आणि दुसरं विचार करत बसतं.

खरं म्हणजे आमच्या गाडीला पाचवाही ब्रेक आहे. तो सौभाग्यवतींच्या पायाखाली. पुढं ट्रक दिसला की ती डाव्या बाजूनं पत्रा असा दाबते, की तिथली रबरी चटई दोनदा बदलावी लागली. या ब्रेकनं गाडी थांबत नाही, पण संभाषण थांबतं.

तुळजापूर सोडून सोलापूरकडे निघालं, की बालाघाटाचा डोंगर उतरावा लागतो. आईच्या डोळ्यांचे डॉक्टर सोलापूरला, त्यामुळे हा घाट आमच्या पाचवीला पुजलेला. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी निघालो होतो. परतीच्या पावसाची सर नुकतीच पडून गेलेली. या दिवसांत गावोगावची पोरं तुळजापुराहून देवीची ज्योत पेटवून घेतात आणि अनवाणी धावत आपापल्या गावी नेतात. तशीच दहाबारा पोरं रस्त्याच्या डाव्या कडेनं "आई राजा उदो उदो" करत उतरत होती. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये, वेग बेताचा. समोरून एस.टी. आली म्हणून मी ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण थांबण्याआधी हातभर डावीकडे ओढली गेली. डावीकडे पोरं होती.

सगळ्यात मागच्या पोरानं चरात उडी मारली. पंधरा-सोळा वर्षांचं असेल. चिखलातून वर आलं, आमच्याकडे बघून हसलं आणि पुढच्यांना गाठायला धावत सुटलं. गाडीत मात्र कोणी हसलं नाही. सौ.चा पाय चटईवर तसाच रुतलेला. मागून आई एवढंच म्हणाली, "कुणाचं तरी लेकरू होतं रे."

तिसऱ्या दिवशी मी मिस्तरींकडे गेलो. त्यांनी चारी ड्रम उघडून पाहिले. लायनर जाग्यावर, सिलिंडर गळत नव्हते. दोष असलाच तर पावसाचा, वयाचा आणि उताराचा. "डिस्क बसंल," मिस्तरी म्हणाले, "पर नुसती डिस्क लावून भागत न्हाई. डरमात लायनर चाकासंगं आपसूक वढलं जातं, तवा पायाला कष्ट कमी. डिस्कला ती मदत न्हाई. बूस्टर पायजे. मास्टर सिलिंडर पायजे, त्योबी डबल लाइनचा. एक फुटली तर दुसरी हाय."

डिस्क म्हणजे उघड्यावर फिरणारी थाळी आणि तिला दोन्हीकडून चिमटा. वारा लागतो म्हणून लवकर निवते, पाणी पडलं तर झटकून टाकते. इंग्लंडातल्या लँचेस्टर नावाच्या गृहस्थांनी तिचं पेटंट 1902 सालीच घेतलं. 1953 साली जग्वारनं याच ब्रेकांच्या जोरावर फ्रान्समधली 24 तासांची ल माँची शर्यत मारली. धाराशिवच्या शेवग्याखाली यायला तिला आणखी सत्तर वर्षं लागली, पण आपल्याकडे वेळेवर येतं काय?

खोकं अर्थातच नव्हतं. हब आणि कॅलिपर एका दुसऱ्या गाडीचे, पॅड आणि रबरं नवी, ब्रॅकेट सोलापूरच्या टर्नरकडून जाड पट्टीचं. कॅलिपर रिमला घासलं, म्हणून रिम बदलल्या. मागचे ड्रम मिस्तरींनी तसेच ठेवले. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढं येतो, म्हणून खरं काम पुढच्या चाकांचं. शिवाय हँडब्रेक मागच्या ड्रमवर चालतो. खर्चाचा आकडा ऐकून सौ. म्हणाली, "एवढ्यात दुसरी गाडी आली असती." मी म्हटलं, "तीही थांबवावी लागलीच असती."

शेवटी एअर काढण्याचा कार्यक्रम आमच्या अंगणात झाला. नळीत हवा राहिली तर ब्रेक स्पंजासारखा दबतो. म्हणून एकानं पेडल दाबून धरायचं आणि दुसऱ्यानं चाकाशी बसून निपल सैल करायचं. मी आत, मिस्तरी खाली. "दाबा! दाबा! धरा! सोडू नका!" अर्धा तास हा गजर चालला. शेजारच्या काकू गरम पाण्याचं पातेलं घेऊन धावत आल्या. त्यांना वाटलं, घरात कोणीतरी अडलंय.

हे शेजारचे काका घाटात इंजिन बंद करून उतरतात आणि तांब्याभर पेट्रोल वाचवल्याचं गावभर सांगतात. मिस्तरींनी त्यांच्यादेखत मला बजावलं, "बूस्टर इंजिनच्या वढीवर चालतो. इंजिन बंद केलं, की दोन-तीन दाबांत त्यो संपला. मंग पाय दगडावर." काका म्हणाले, "म्हणजे आता ॲव्हरेज पडणार."

दिवाळीनंतर आईला घेऊन पुन्हा सोलापूरला निघालो. नव्या ब्रेकांचं कौतुक करायला वाटेत कोणी भेटलं नाही. रंग दिला असता तर चार माणसांनी थांबवून विचारलं असतं. घाट लागला. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घातली, एका वळणावर ऊस घेऊन निघालेला ट्रॅक्टर आडवा आला. मी पाय ठेवला आणि गाडी नाकासमोर, सरळ रेषेत, मुकाट्यानं थांबली. मी हळूच सौ.च्या पायाकडे पाहिलं. दोन्ही पाय वर घेऊन ती मांडी घालून हरभऱ्याची भाजी निवडत होती.

सोलापूरच्या नाक्यावर आईला जाग आली.

"घाट गेला का रे?"

"मघाशीच गेला."

"कळलंच नाही मेलं," म्हणाली आणि पुन्हा डोळे मिटले.