मोडून पाहिलेले लोखंड

विश्लेषणाने कविता मरते, हा आक्षेप साहित्याच्या वर्गात आम्हांस दरवर्षी ऐकावा लागतो. त्यावरची ठरावीक उत्तरे आम्ही देतो. विद्यार्थी ती उतरवून घेतात आणि आक्षेप मनात तसाच ठेवतात. गेले काही महिने आम्ही, निव्वळ कुतूहलापोटी, लोहयुक्त अतिसंवाहकांविषयी जमेल तसे वाचीत आहोत. (पदार्थविज्ञानाशी आमचा संबंध शाळेतच संपला, हे सुज्ञांनी ध्यानी घ्यावे.) तेथे हाच प्रश्न निराळ्या वेशात भेटला.

अतिसंवाहक म्हणजे विशिष्ट तापमानाखाली विजेला अजिबात रोध न करणारा पदार्थ. १९११ साली लायडेन येथे कामरलिंग ओनेस यांना पाऱ्यात हा गुण आढळला. लोखंड मात्र या घरी वर्ज्य. त्याचे चुंबकत्व अतिसंवाहकतेचे वैरी, अशीच समजूत होती. २००८ साली टोकियोतील हिदेओ होसोनो यांच्या गटाने लोह आणि आर्सेनिक असलेल्या संयुगात २६ केल्व्हिनला अतिसंवाहकता दाखविली. विवादी स्वरानेच राग खुलावा, तसे काहीसे झाले.

अतिसंवाहकात इलेक्ट्रॉन जोड्यांनी वावरतात. लोकप्रिय लेखनात या जोडीस नृत्यातल्या युगुलाची उपमा देतात. उपमा गोड आहे, पण फसवी. ॲल्युमिनियममध्ये एका जोडीचा पसारा हजारो अणूंइतका असतो, आणि तेवढ्याच जागेत असंख्य इतर जोड्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. असले नृत्य कोणत्या रंगमंचावर होते? लोहसंयुगांत हा पसारा अवघा काही नॅनोमीटर. अशी आटोपशीर जोडी मोडण्यास चुंबकीय क्षेत्रही तसेच जबर लागते. ॲल्युमिनियमची अतिसंवाहकता टेस्लाच्या सुमारे शंभराव्या हिश्शाने नाहीशी होते. लोहकुळातील काहींना अतिथंड तापमानात साठ टेस्लाही पुरत नाहीत. रुग्णालयातील एमआरआय यंत्र सहसा दीड ते तीन टेस्लाचे असते, यावरून अंदाज यावा.

पण मोडायचे कशासाठी? अतिसंवाहक अवस्था आपल्या इलेक्ट्रॉनांना झाकून ठेवते. ते मुळात किती जड, कोणत्या वाटांनी फिरणारे, हे पाहायचे तर क्षेत्राच्या जोराने ती अवस्थाच दूर सारावी लागते. मग इलेक्ट्रॉन कक्षांमध्ये फिरू लागतात, आणि क्षेत्र वाढवीत नेले की पदार्थाचा रोध व चुंबकत्व एका लयीत वरखाली होतात. त्या लयीवरून वाटांचा नकाशा काढता येतो. २००८ मध्येच अमालिया कोल्डिया व सहकाऱ्यांनी लोह आणि फॉस्फरस असलेल्या संयुगात हे साधले. इलेक्ट्रॉन गणिताने सांगितल्याच्या जवळपास दुप्पट जड निघाले. म्हणजे जोड्या जुळण्याआधीच ते एकमेकांच्या ओढाताणीत सापडलेले होते.

येथे आमच्या वर्गातल्या आक्षेपाला धार येते. क्षेत्र काढून घेतले की अतिसंवाहकता जशीच्या तशी परतते. स्फटिकाला ओरखडाही नसतो. कवितेविषयी असे छातीठोक सांगता येईल? काही विद्यार्थ्यांपाशी ती परत येते, काहींपाशी कधीच येत नाही, एवढे आम्ही पाहिले आहे. आणखी एक अट आम्हांस त्याहून बोचली. ती लय केवळ अतिशुद्ध स्फटिकातच उमटते. गढूळ नमुन्यावर कितीही जोर लावा, मोडतोड तेवढी होते आणि दिसत काहीच नाही. सामान्य कवितेवर भारी सिद्धांत चालविणाऱ्या आमच्या समीक्षेस हे कोणी तरी ऐकवायला हवे.

ही आंदोलने रोधात प्रथम दिसली १९३० साली, लायडेनलाच, बिस्मथ धातूमध्ये. डे हास यांच्यासमवेत ती नोंदविणारा तरुण होता लेव्ह शुब्निकोव्ह. पुढे खारकिव येथे त्याने क्षेत्राचा काही अंश अंगात शिरू देऊनही टिकून राहणारी अतिसंवाहकता प्रयोगाने दाखविली. लोहसंयुगे त्याच जातीची. १९३७ साली स्टालिनच्या राजवटीने त्याला अटक केली आणि त्याच वर्षी गोळी घातली. १९५७ मध्ये तो निर्दोष ठरला. त्याच वर्षी त्या अवस्थेचा अब्रिकोसोव्ह यांचा सिद्धांत प्रसिद्ध झाला, ज्यासाठी त्यांना २००३ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. लोहयुक्त अतिसंवाहकांवरील निबंधांत शुब्निकोव्हचे नाव वारंवार भेटते: डे हास यांच्या नावाला जोडचिन्हाने बांधलेले, आंदोलनांचे विशेषण म्हणून.