गोठलेल्या सरोवरांच्या प्रदेशात

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्याच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेलगत, बाउंडरी वॉटर्स नावाचे विस्तीर्ण वनक्षेत्र पसरलेले आहे. सुमारे ११ लाख एकरांच्या या प्रदेशात एक हजाराहून अधिक सरोवरे आहेत. १९६४ च्या कायद्याने त्यास संरक्षण मिळाले आणि १९७८ च्या स्वतंत्र कायद्याने ते अधिक दृढ झाले. बहुतेक भागात यंत्रवाहनांना मज्जाव आहे. उन्हाळ्यात येथे वल्ह्यांच्या होड्या फिरतात; हिवाळ्यात तेच जलमार्ग गोठून बर्फाचे रस्ते होतात. जवळच्या टॉवर या गावी २ फेब्रुवारी १९९६ रोजी पारा उणे ५१ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता.

अशा ठिकाणी, ऐन थंडीत, कर्करोगातून बरे झालेले तरुण-तरुणी जातात हे ऐकून आपल्याकडील कोणत्याही आईच्या काळजात धस्स होईल. ज्याला वर्षभर उंबरठ्याबाहेर जाऊ दिले नाही, त्याला बर्फावर निजवायचे? तरीही अमेरिकेत अशा साहसमोहिमांची परंपरा रुजली आहे. ‘फर्स्ट डिसेंट्स’ ही संस्था २००१ पासून तरुण रुग्णांना नदी, कडे आणि सागरलाटा यांच्या सान्निध्यात नेत आली आहे. बाउंडरी वॉटर्समधील हिवाळी मोहिमा याच विचाराचे अधिक कठोर रूप होत.

मोहिमेचा आरंभ बहुधा ईली या छोट्या गावातून होतो. एकेकाळी लोखंडाच्या खाणींवर जगणारे हे गाव आज वनप्रवाशांवर जगते. वनक्षेत्रात एका गटात नऊहून अधिक माणसे नेता येत नाहीत. त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला काम येतेच. कोणी बर्फावरची ओढगाडी ओढतो, कोणी वाळलेली लाकडे गोळा करतो, कोणी सरोवराच्या बर्फात पहारीने भोक पाडून पाणी काढतो. गाड्या ओढणारे कुत्रे सोबत असल्यास मुक्कामी पोहोचताच त्यांच्या खाण्यापिण्याची आणि विश्रांतीची व्यवस्था आधी लावावी लागते. थंडीत शरीर इंधन झपाट्याने जाळते. म्हणून ओट, लोणी, चीज, शेंगदाणे असे स्निग्ध अन्न वरचेवर खावे लागते.

या प्रवासात धोका आहे आणि तो कोणी लपवीत नाही. हिमाच्या भाराने बर्फाखालचे पाणी वर येऊन पांढऱ्या थराखाली दडते. त्यात पाय पडला तर बूट भिजतात. व्हिन्क्रिस्टीन, सिसप्लॅटिन यांसारख्या औषधांनी काहींच्या बोटांची संवेदना मंदावलेली असते. त्यांना हिमदंशाची सूचना वेळेवर मिळत नाही. डॉक्सोरुबिसिनचा हृदयावरील परिणाम कधी कधी अनेक वर्षांनी प्रकट होतो. म्हणूनच डॉक्टरांच्या तपासणीवाचून कोणी निघत नाही, आणि वाटेत ठरावीक वेळाने थांबून सोबती एकमेकांचे गाल, नाक, बोटे पाहतात.

या मोहिमेचे मर्म येथेच आहे. उपचारांच्या काळात शरीर जणू परक्याच्या स्वाधीन असते. डॉक्टर ठरवितात, परिचारिका टोचतात, घरचे जपतात. आजार गेल्यावरही प्रत्येक दुखण्याबरोबर एकच शंका उठते, ‘परत तर नाही ना?’ बर्फावर मात्र बोट बधिर झाले की उत्तर भीतीचे नसते, उपायाचे असते: हातमोजा बदला, हात काखेत धरा, चालत राहा. शरीराची हाक पुन्हा निर्भयपणे ऐकता येऊ लागते. शिवाय, ज्याने काढलेल्या पाण्यावर आठ जणांचे जेवण अवलंबून आहे, त्याची कोणी कीव करीत नाही.

रात्री शेकोटीभोवती बोलणेही मोकळे होते. नोकरीतील खंड, विवाहाची चिंता, संतती होईल की नाही हा प्रश्न, पुढील तपासणीची तारीख, हे सारे समोरच्याला समजावून सांगावे लागत नाही. त्यानेही ते भोगलेले असते.

आपल्याकडेही बालपणी कर्करोग होऊन बरी झालेली मुले आज तारुण्यात आहेत. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात उपचार पूर्ण झालेल्या अशा मुलांच्या दीर्घकालीन तपासणीसाठी १९९१ पासून स्वतंत्र चिकित्साकक्ष चालतो. वैद्यकशास्त्राने आपले काम केले. उरलेले काम कुटुंबाचे आहे. स्थळे पाहताना आजाराचा उल्लेख टाळला जातो. दुकानात ‘तू बस, दमशील’ म्हणून मुलाला गल्ल्याजवळ नुसते बसवले जाते. मुलीला तर तेवढेही नाही. या मायेत खोट नाही, परंतु तिच्यामुळे बरा झालेला माणूस जन्मभर रुग्णच राहतो.

त्यासाठी मिनेसोटाच्या बर्फात जाण्याची गरज नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने गडावरची एखादी चढण, दिवाळीतील मालाची खरेदी, व्यापाऱ्यांशी बोलणी, घरातील एखाद्या कार्याची संपूर्ण जबाबदारी, यांपैकी काहीही चालेल. अट एकच: ते काम खरे असावे आणि त्याच्यावाचून इतरांचे अडावे. गोठलेल्या सरोवरावर पाण्यासाठी पहार चालविणाऱ्या तरुणाला जे मिळते, ते आपल्या मुलांना घरच्या अंगणातही देता येईल.