दिवा आणि चोक

छंदिष्ट माणसाशीं वाद घालूं नये, असें आमचें जुनें मत आहे. पण त्याच्याबरोबर बाजारांतही जाऊं नये, हें शहाणपण आम्हांस 2010 सालच्या उन्हाळ्यांत आलें. त्या वर्षीं आमच्या पुतण्यानें घरांत समुद्र आणण्याचा निश्चय केला. आमचें गांव, म्हणजे तेव्हांचें औरंगाबाद आणि आजचें छत्रपती संभाजीनगर, समुद्रापासून अडीचशें किलोमीटरांहून अधिक दूर, पठारावर वसलेलें. पिण्याचें पाणीदेखील जायकवाडीहून चढवून आणावें लागतें, आणि तें रोज येत नाहीं. अशा गांवीं कांचेच्या पेटींत खारें पाणी भरून प्रवाळ वाढविण्याची कल्पना ऐकतांच आम्ही हांसलों. पुतण्या हांसला नाहीं. मालवणच्या सहलींत सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्यांत डोकें घालून त्यानें जिवंत प्रवाळ पाहिलें होतें, आणि तेव्हांपासून त्यास दुसरें कांहीं सुचत नव्हतें. शिकवण्या करून सांठविलेले पैसे त्यानें आमच्यापुढें ठेवले व म्हणाला, "काका, पेटी झाली, मीठ झालें, आतां फक्त उजेड पाहिजे."

प्रवाळ हा प्राणी आहे. पण त्याच्या शरीरांत सूक्ष्म शेवाळ राहतें. तें प्रकाशाच्या बळावर अन्न तयार करतें आणि त्यांतला मोठा वांटा आपल्या यजमानास देतें. म्हणून प्रवाळाच्या पेटींत उजेड ही शोभा नव्हे, तें जेवण होय. यासाठीं त्या काळीं मेटल हॅलाइडचा दिवा लावीत. चिकलठाण्याच्या किंवा वाळूजच्या कारखान्यांत उंच छतास टांगलेला प्रखर दिवा ज्यांनीं पाहिला असेल, त्यांस त्याची जात सांगावयास नको. फरक इतकाच कीं पेटीसाठीं दहा हजार ते वीस हजार केल्व्हिनचा, निळसर झांक असलेला दिवा घेतात. दिवा निवडण्यास आम्हांस पंधरा मिनिटें लागलीं. त्याचा चोक निवडण्यास तीन आठवडे लागले!

या कामीं आम्हांस गुरु भेटले ते कारखान्यांतील दिव्यांची देखभाल करून निवृत्त झालेले आमचे एक शेजारी. सारी गल्ली त्यांस मामा म्हणते. ते म्हणाले, "साहेब, हा दिवा स्वतःच्या भुकेनें मरणारा आहे." साध्या बल्बची तार तापली कीं विजेस अधिक अडविते, म्हणून तो स्वतःस सांवरूं शकतो. या दिव्यांत तार नाहीं. पारा व धातूंचे क्षार यांच्या वाफेंतून वीज वाहते. ती वाढली कीं वाफेचा विरोध घटतो, आणि विरोध घटला कीं ती आणखी वाढते. मध्यें अडविणारें कोणी नसेल, तर क्षणांत सर्वनाश. तें अडविण्याचें काम चोकाचें. इंग्रजीत त्यास 'बॅलास्ट' म्हणतात. हा शब्द मुळांत गलबताचा. तोल राखण्यासाठीं तळाशीं भरलेलें ओझें, असा त्याचा अर्थ.

आम्हांस वाटलें होतें कीं दिव्यावरचा वॅटचा आंकडा पाहून चोक घेतला म्हणजे झालें. एका दुकानदारानें तर 150 वॅटच्या दिव्यास 250 चा स्वस्त चोक पुढें करून "चालतंय कीं" असा निर्वाळाही दिला. आम्ही पैसे काढणार, तोंच मामांनीं आमचा हात धरला. 150 वॅटच्या दिव्यास सुमारें 1.8 अँपिअर पाहिजेत; मोठ्या चोकानें तो अधिक झळकेल, त्याचा रंग बिघडेल आणि तो लवकर मरेल. 250 वॅटमध्यें तर दोन जाती आहेत; एकीस सव्वादोन अँपिअर लागतात, दुसरीस तीन. आंकडा एक, भूक निराळी!

पुढें प्रश्न आला तो तांब्याच्या व इलेक्ट्रॉनिक चोकाचा. इलेक्ट्रॉनिक चोक हलका, मुका, आणि विजेचा दाब खालींवर झाला तरी उजेड सारखा ठेवणारा. तांब्याचा जड, गुणगुणणारा, स्वतःच वीसेक वॅट उष्णतेंत उधळणारा. पण गांवांत मिळणारा आणि वर्षानुवर्षें टिकणारा. आमच्याकडे तेव्हां भारनियमन चाले. वीज क्षणभर गेली, तरी तापलेला हा दिवा निवेपर्यंत, म्हणजे पुष्कळदां दहा मिनिटें, पुन्हां पेटत नाहीं. आणि पेटतांना इग्नायटर चार-पांच हजार व्होल्टांचा झटका देतो. असे झटके व चाळीस अंशांचा उन्हाळा सोसावयाचा, म्हणून तांब्याचा चोक ठरला. तो पेटीबाहेर, खाऱ्या ओलीपासून दूर बसविला. दिव्याखालीं अतिनील किरण अडविणारी कांच लाविली. आणि अर्थिंग मामांनीं दोनदां तपासलें.

त्याच संध्याकाळीं आम्ही पाणचक्कीवर गेलों. डोंगराकडून जमिनीखालच्या नळांतून आणलेलें पाणी भिंतींत उंच चढवून, मग बेतानें खालीं सोडून, सतराव्या शतकांत येथें जातें फिरविलें. पुतण्या पाण्याकडे पाहत म्हणाला, "काका, हाही चोकच कीं!" आम्हांस त्याचें कौतुक वाटलें. खरा चोक अजून पुढेंच होता, हें आम्हां दोघांसही ठाऊक नव्हतें.

आठ दिवसांनीं दुसऱ्या शहरांतल्या एका विक्रेत्यानें प्रवाळाचा जिवंत तुकडा देऊं केला. कोठून आणला, तें सांगेना. चौकशी करतां कळलें कीं कठीण प्रवाळाच्या साऱ्या जाती 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत, म्हणजे वाघाच्या पंक्तीस, आहेत. शिवाय त्याच 2010 सालीं जगभरचे समुद्र तापून प्रवाळ आपलें शेवाळ टाकीत होतें व पांढरें पडत होतें. पुतण्या दोन दिवस कोणाशीं बोलला नाहीं. दिवा होता, चोक होता, पैसे होते, आणि देणाराही होता. नाहीं म्हणणारें मात्र घरांत कोणी नव्हतें, कारण आम्हींही तोंड उघडलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं त्यानें स्वतःच फोन उचलून नकार कळविला.

पेटींत शेवटीं दगड, वाळू आणि पैदास केंद्रांत जन्मलेल्या क्लाऊन माशांची एक जोडी आली. त्यांस एवढ्या उजेडाची गरज नव्हती. तरी कांहीं महिने तो दिवा रोज लागे व पाण्याच्या लाटांची जाळी भिंतीवर हलत राही. पुढें एलईडी आले आणि दिवा गेला. पुतण्या आतां परगांवीं नोकरीस आहे. तो दरवर्षीं मालवणास जातो, पाण्यांत डोकें घालतो आणि रिकाम्या हातांनीं परत येतो. चोक मात्र आमच्या मेजावर कागद दाबून बसला आहे. आतां तो गुणगुणत नाहीं. पण वाऱ्यानें एकही कागद हलूं देत नाहीं.